भरताचा विस्तव

वांग्याचं भरीत मला फारसं आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे त्या वर्षी मी भरितापायी जो उद्योग केला तो जिभेसाठी केला असं कुणाला वाटायला नको.

आमच्या सासरचं कुलदैवत खंडोबा. आषाढात एकदा वांगं, कांदा आणि लसूण बंद झाले की ते थेट मार्गशीर्षात चंपाषष्ठीलाच सुटायचे. त्या दिवशी देवाला वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे दाखवायचे आणि मगच घरातल्यांनी वांग्याला हात लावायचा. माझे यजमान कचेरीत कारकून होते आणि भरीत म्हणजे त्यांचा जीव की प्राण. कार्तिक संपत आला की मंडईतून जाताना यांची चाल मंदावायची. ढिगातलं एखादं जांभळं, तुकतुकीत वांगं बघून असा सुस्कारा टाकायचे की भाजीवालीलाच दया यायची.

हे वांगं भाजायचं काम सासूबाईंचं. बाकी सगळा स्वयंपाक त्यांनी माझ्यावर टाकला होता, पण या एका दिवशी त्या चुलीपुढून मला उठवायच्या. कारण होतं. हे लहान असताना प्लेगच्या साथीत सापडले होते. गाव ओस पडलेलं, माणसं माळावर झोपड्या बांधून राहिलेली, आणि हे काखेत गाठ घेऊन पडलेले. त्या वेळी सासूबाईंनी खंडोबाला सांगितलं होतं की पोरगं वाचलं तर जिवात जीव आहे तोवर तुझं भरीत माझ्या हातानं भाजीन. पोरगं वाचलं. तेव्हापासून एकही चंपाषष्ठी त्यांनी चुकवली नव्हती.

आदल्या वर्षीही चुकवली नाही, आणि तेच अंगाशी आलं. सासूबाईंना दमा होता, पण तो येऊन-जाऊन असायचा. त्या दिवशी बाभळीची ओंडकी ओलसर निघाली. आमचं स्वयंपाकघर अंधारं, वर हातभर झरोका, तो धूर जाणार कुठे? सासूबाई पदर नाकाला लावून वांगी फिरवत बसल्या. भाजताना काही झालं नाही, जेवतानाही नाही. सगळं उरकून आम्ही आवराआवर करत होतो तेव्हा त्यांच्या खोलीतून भात्यासारखा आवाज यायला लागला. मी आत जाऊन बघते तर ओठ निळे, डोळे बाहेर आलेले, आणि हात हवेत काहीतरी धरू बघतायत. हे अनवाणी धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आले. बाई हातातून गेल्याच असं मी धरून चालले होते. संध्याकाळी कुठे श्वास खाली बसला. डॉक्टर जाताना म्हणाले, "धूर म्हणजे यांना विष आहे. पुन्हा असा झटका आला तर माझ्या हातात काही राहायचं नाही."

तेव्हापासून मी स्वयंपाक करताना सासूबाई ओसरीवर बसायच्या. वर्ष असं गेलं आणि पुन्हा मार्गशीर्ष आला.

"आई, या खेपेला तू चुलीपाशी बसायचं नाहीस," हे म्हणाले.

"मग कोण बसणार?"

"ही बसेल की."

"नवस हिनं केला नव्हता. मी केला होता."

"माझ्यासाठीच केला होतास ना? मग मीच सांगतो, झाला तेवढा पुरे झाला."

सासूबाईंचा चेहरा असा झाला की मी हातातलं भांडं खाली ठेवलं. "तोंड सांभाळ," त्या म्हणाल्या. "देवानं ऐकलं म्हणजे?"

त्यांच्या मनात काय होतं ते मला तेव्हा स्पष्ट दिसलं. नवस मोडला तर देव दिलेला मुलगा परत मागेल, असं त्यांना खरोखरच वाटत होतं. आणि यांना वाटत होतं, नवस फेडता फेडता आई जाईल. एक मुलासाठी मरायला तयार, दुसरा आईसाठी देवाशी भांडायला तयार. दोघेही माझ्याकडे बघत होते, जणू मी कचेरीतली साहेब होते आणि निकाल देणार होते. मला दोघांचाही राग आला. पण राग येऊन भागणार नव्हतं. बाईंना भाजायला बसवायचं आणि जिवंत उठवायचं, एवढं काम होतं, आणि ते माझ्याशिवाय कुणी करणार नव्हतं.

लाकडाचा नाद मी आधी सोडला. वखारीत जाऊन बाभळीचं वाळकं खोड निवडून आणलं, त्याच्या ढलप्या करून उन्हात टाकल्या आणि एका दुपारी चूल पेटवून पाहिली. पेटताना कितीही झकास पेटो, मधेच एखादी गाठ आली की भसकन धूर यायचा. तुरीच्या काट्या धूर कमी करत, पण त्यांचा जाळ म्हणजे आला आणि गेला. भरताच्या वांग्याला जाळ नको, दमदार धग लागते.

मग मी कोळशाच्या गोळ्यांकडे वळले. आमच्या शेजारी विणकरांचं घर होतं. दिवसभर त्यांच्या मागाचा खटखटाट चाले. त्या घरची बाई तेलुगू बोलणारी, मी तिला अक्का म्हणायची. ती गिरणीतल्या दगडी कोळशाचा चुरा आणायची, त्यात शेण आणि माती कालवून लिंबाएवढे गोळे वळायची आणि भिंतीच्या कडेला वाळत घालायची. तिच्या शेगडीला धूर नसतो हे मी पाहिलेलं होतं.

"चूडु, बघ, धूर नाय," अक्का मला शेगडी दाखवत म्हणाली. "एकदा लाल झालं की दोन भाज्या होते की. घेऊन जा."

मी टोपलीभर घेऊन आले. सासूबाईंनी नाक मुरडलं. सोवळ्यात दुसऱ्याच्या हातचं कसं चालणार, हा प्रश्न आलाच. पण शेण पवित्र आणि वाळलेल्याला विटाळ नाही, असा तोडगा त्यांनी स्वतःच काढला. सासूबाईंना हवं असलं की शास्त्र कसं लवचिक होई, हे मी लग्न झाल्यापासून बघत आले होते.

परीक्षा घ्यायची कशी, ही अडचण होती. चंपाषष्ठीच्या आत घरात वांगं आणता येत नव्हतं. मी रताळी आणली. शेगडी अंगणात पेटवली, गोळे लालभडक झाल्यावर आत आणली आणि सासूबाईंनी त्यावर रताळी ठेवली. खरंच धूर नव्हता. मी खूश. रताळं सोलून मी पहिला तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो तोंडात घातला आणि चावायच्या थांबल्या.

"काय झालं?"

"काही नाही. अक्कलकोट स्टेशन आलं असं वाटलं."

मी खाऊन पाहिलं. अगदी आगगाडीच्या इंजिनाचा वास! यांनी तर तुकडा तोंडातून बाहेरच काढला. इथे मला घाम फुटला, कारण आमच्यात नैवेद्य दाखवायच्या आधी चाखत नाहीत, चाखणं सोडा, मुद्दाम वासही घेत नाहीत. म्हणजे आधी रताळ्यांवर करून पाहिलं नसतं तर इंजिनाचं भरीत आधी देवापुढे गेलं असतं आणि आम्हाला कळलं असतं पानावर बसल्यावर. वर त्याच संध्याकाळी सासूबाईंच्या छातीत बारीक शिटी वाजायला लागली. "साकु, साकु," त्या म्हणाल्या. त्यांचं माहेर अक्कलकोटचं, जीव घाबरा झाला की कानडी बाहेर यायची. पुरे, पुरे. गरम पाण्यानं शिटी थांबली. गोळे मी अक्काला परत दिले. तिनं वाईट वाटून घेतलं नाही. "पोटाला चालते, देवाला नाय चालत," म्हणून हसली.

उरला लोणारी कोळसा. माळावर बाभळीची लाकडं मातीखाली कोंडून जाळायची, विझवायची आणि तो कोळसा गाढवावर घालून गावात विकायचा, हा लोणाऱ्यांचा धंदा. आमच्याकडे चहाची शेगडी त्यावरच पेटे. आमच्या गल्लीत एक लोणारीण यायची, मोठ्या आवाजाची आणि त्याहून मोठ्या तोऱ्याची.

"धूर येणार नाही ना?" मी विचारलं.

"धूर? त्यो आमी भट्टीपाशी खाऊन आलोय की वैनी. तुमाला कुटनं ऱ्हायचा?" तिनं एक तुकडा दुसऱ्यावर आपटला. टण्ण वाजला. "तांबूस दिसला तर घेऊ नगा, त्यो कच्चा असतोय. ह्यो बगा कसा काळा कुळकुळीत हाय."

मी एकेक तुकडा वाजवून घेतला. ती वैतागली. "सोनं घेताय व्हय?" म्हणाली. मी म्हटलं, माझ्यासाठी सोनंच आहे.

शेगडी फुलली ती अशी सुरेख की बघत राहावं. धूर नाही, वास नाही. रताळी आतपर्यंत मऊ शिजली. सासूबाईंनी दोन खाल्ली, रात्री शिटी वाजली नाही, सकाळीही नाही. मी यांना म्हटलं, "सुटलो बाई आपण!" हे इतके आनंदले की कचेरीत जाताना छत्री विसरले, आणि तीही मार्गशीर्षात कशाला नेत होते कोण जाणे.

दुपारी मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, मग ठरलं ना? लोणारी कोळशावर?"

त्या वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "रताळ्यांना ठीक आहे. नैवेद्याला नाही चालायचा."

"का?"

"एकदा पेटलं आणि विझलं ते. अग्नीनं तोंड लावून टाकलेलं. म्हणजे उष्टं झालं की नाही? देवाला का उष्ट्या विस्तवावर रांधून घालायचं?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "रोज चहाला चालतो तो?"

"चहा काय आपण देवाला दाखवतो?"

संध्याकाळी यांनी पंचांगवाल्या गुरुजींचा दाखला देऊन पाहिला. सासूबाई म्हणाल्या, "गुरुजींचा मुलगा प्लेगात होता का?" घरात अबोला सुरू झाला. मी ताटं आपटून वाढत होते, सासूबाई ती ताटं निमूटपणे ओढून घेत होत्या, आणि हे दोघींच्या मधे मान खाली घालून जेवत होते. मनातून मी धास्तावले होते. त्या बाभळीची लाकडं घेऊन बसणार हे उघड होतं, आणि त्यांना हात धरून उठवायची माझी छाती नव्हती. एकदा मला वाटलं, कोळसा गुपचूप लाकडांखाली लपवावा. पण नवसाच्या बाबतीत त्यांना फसवायचं म्हणजे माझ्याच्यानं झालं नसतं.

खंडोबाचं नवरात्र बसलं. एरवी हे देवपूजा फुलं वाहून उरकत, पण त्या दिवसांत वैश्वदेव करत. मी चुलीतला एक निखारा चिमट्यानं उचलून तांब्याच्या छोट्या कुंडात घालून द्यायची आणि हे त्यावर भाताच्या आहुती टाकायचे. नवरात्रातल्या एका सकाळी मी असाच निखारा उचलला आणि तो हातात धरूनच उभी राहिले. लाल, स्वच्छ, धुराचा पत्ता नाही. बाभळीचंच लाकूड, जळून कोळसा झालेलं. आणि इथे तर त्यावर थेट अग्नीचंच जेवण चाललं होतं.

"अगं, देतेस ना?" हे म्हणाले.

मी कुंडात निखारा टाकला आणि तशीच ओसरीवर गेले. अबोला होता हेही विसरले. "आत्याबाई, वैश्वदेवाचा निखारा उष्टा नसतो का?"

"काहीतरीच काय विचारतेस? तो कुठे विझलाय? जिवंत आहे की तो."

"म्हणजे विझला नाही तर चालतो?"

"चालतो म्हणजे? तोच लागतो."

"मग मी परसात लाकडं पेटवते. धूर काय व्हायचा तो तिकडे होऊ दे. नुसते निखारे उरले की ते न विझवता आत आणते, आणि तुम्ही त्यावर भाजा. विस्तव तोच, जिवंत, तुमच्याच बाभळीचा."

सासूबाईंनी वात खाली ठेवली. त्या खोडच शोधत होत्या, मला माहीत होतं. शेवटी म्हणाल्या, "परसात पेटवणारं माणूस सोवळ्यात हवं."

"मी आहे की."

"तू रोडगे टाकशील का बाहेर बसशील?"

आणि आम्ही दोघींनी एकदमच आतल्या खोलीकडे पाहिलं, जिथे हे डोळे मिटून आहुती टाकत होते.

चंपाषष्ठीला सकाळी मी अंधारातच रोडगे उरकले, चूल शांत केली आणि दार, झरोका सताड उघडे टाकले. सासूबाई सोवळं नेसून देवघरात बसल्या. परसात हे रेशमी मुकटा नेसून, लाकडांचा ढीग पुढे घेऊन बसले. या माणसानं उभ्या आयुष्यात विडीसुद्धा पेटवली नव्हती. आधी मोठी ओंडकी खाली आणि काटक्या वर रचल्या. मी उलटं करून दिलं. मग वाऱ्याच्या तोंडावर बसून फुंकर मारायला लागले आणि सगळा धूर आपल्याच तोंडावर घेतला. डोळे लाल, नाक वाहतंय, सोवळ्यात असल्यानं पुसायला पंचाही नाही. भिंतीपलीकडून अक्का डोकावून तेलुगूत काहीतरी सूचना देत होती आणि मधूनमधून तोंडावर पदर धरून हसत होती. एक ठिणगी उडाली आणि मुकट्याला भोक पडलं. हे ओरडले, "अगं, पेटलो!" मी म्हटलं, "तुम्ही नाही, लाकडं पेटली. बसा तिथेच."

धूर सरला. जाळ बसला. ओंडकी आतून लाल होत होत फुटायला लागली. शेवटी नुसता निखाऱ्यांचा गालिचा उरला आणि त्यावर हवा थरथरत होती. यांनी ते घमेल्यात भरले आणि हात लांब धरून, एखादं बाळ आणावं तसे जपून आत आणले. सासूबाईंनी ते चुलीत पसरून घेतले, वांग्यांना तेलाचा हात लावला आणि एकेक करून निखाऱ्यांवर ठेवलं.

वांगी कशी भाजली गेली ते मला सांगता यायचं नाही. मी वांग्यांकडे बघतच नव्हते. मी सासूबाईंच्या गळ्याखालच्या खळगीकडे बघत होते. दमा उठायच्या आधी ती खळगी आत ओढली जाते. ती ओढली गेली नाही. त्या वांगी फिरवत होत्या, सालं तडतडत होती, आणि त्या तोंडानं देवाचं नाव घेत होत्या, एका दमात. सालं सोलून झाली, कांद्याची पात आणि लसणाची पात घालून भरीत कालवलं, नैवेद्य झाला, तळी उचलली, जेवणं झाली. यांनी तीनदा भरीत मागून घेतलं आणि घेताना प्रत्येक वेळी खोकले.

पण गेल्या वर्षी जेवणं झाल्यावरच ते झालं होतं. त्यामुळे आम्हा दोघांच्या जिवाला थारा नव्हता. सासूबाई पाठ टेकायला खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. मी भांडी घासायला घेतली, पण आवाज होऊ नये म्हणून एकेक भांडं फुलासारखं ठेवत होते. हे ओसरीवर वर्तमानपत्र उघडून बसले होते, पान मात्र उलटत नव्हते. मिलचा भोंगा झाला. पुन्हा शांत. आणि मग त्या खोलीतून घर्र करून आवाज आला.

हे वर्तमानपत्र टाकून उठले. मी राखेच्या हातानं धावले. दोघांनी एकदमच दार ढकललं.

सासूबाई उताण्या झोपल्या होत्या. दम्याचं माणूस उताणं झोपत नाही. ते वळकटीला टेकून बसून रात्र काढतं. वर्षभर मी त्यांना असं पाठ टेकून झोपलेलं पाहिलं नव्हतं. तोंड उघडं, हात अंगाशेजारी सैल पडलेला, आणि त्या घोरत होत्या. घर्र करून आत घ्यायच्या आणि फुस्स करून सोडायच्या, भरपूर, सावकाश.

मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि मला रडू आलं. छातीवर वर्षभर ठेवलेलं जातं कुणीतरी उचलून नेल्यासारखं मला हलकं वाटलं. इतकं सुटल्यासारखं मला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटलं असेल. हे भिंतीला टेकून उभे होते. डोळे आधीच लाल, त्यामुळे त्यांचं काय चाललं होतं ते कळायला मार्ग नव्हता. त्यांना खोकल्याची उबळ आली. त्यांनी तोंडावर दोन्ही हात दाबून धरले, पण सकाळपासून पोटात गेलेला धूर ऐकतो थोडाच.

घोरणं थांबलं. सासूबाईंनी डोळे न उघडता विचारलं, "कोण खोकतंय रे? तू आहेस का?"

"मीच आहे आई. काही नाही."

"गूळ खा थोडा," त्या म्हणाल्या, कुशीवर वळल्या आणि पुन्हा घोरायला लागल्या.